बिनफोडणीचा हिवाळा

यंदा वालाला उशिरा फूल आलं. कार्तिक सरत आला तरी मांडव नुसताच हिरवा होता. मग एका आठवड्यात जांभळे तुरे उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग चपट्या, कोवळ्या शेंगा लोंबू लागल्या. सकाळी वाकून मांडवाखाली शिरलं की मानेवर दव पडतं. पानांना हात लागला की त्यांचा तो उग्र वास बोटांना चिकटतो, साबणानंही जात नाही. पलीकडे हायवेवरून कापसाचे ट्रक इचोड्याकडे जातात आणि त्यांच्यातून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना दिवसभर अडकून असतो. आमच्याकडे हिवाळा आलेला असा कळतो. थंडी नंतर येते.

काल आईनं पहिल्या तोडीची पाटी ओसरीवर आणून ठेवली.

"सोल," ती म्हणाली. एवढंच.

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्यासमोर बसले. शेंग मोडताना तोच बारीकसा टच्च आवाज झाला. दोन वर्षांपूर्वीचा अख्खा हिवाळा मी असे दाणे सोलण्यात काढला होता. बाबांसाठी.

त्या वर्षी बाबांना पोटाचा कॅन्सर होता. दर तीन आठवड्यांनी आम्ही त्यांना हैदराबादला केमोसाठी नेत असू आणि परत आणत असू. माझं ऑफिस हैदराबादलाच, पण मी घरून काम करायची परवानगी मागून घेतली. मागितली म्हणजे ईमेल लिहिली. समोर उभं राहून मागणं मला जमलं नसतं. शाळेत इंग्रजी, बाजारात तेलुगू आणि घरात ही आमची मराठी; तिन्ही भाषांत मी थोडी थोडी गप्पच असते. बाबा याच्या अगदी उलट. भाजीबाजारात वालाची "चिक्कुडू, चिक्कुडू!" अशी तेलुगूत आरोळी ठोकून चार गिऱ्हाइकं हसवतील आणि मगच तराजू उचलतील. माझ्या इंग्रजी शाळेमुळे ते मला लहानपणापासून मॅडम म्हणत.

त्या हिवाळ्यात ते बाजारात गेले नाहीत. अंगणात बाजेवर बसत, घोंगडं पांघरून. ऊन सरकलं की बाज सरकवायची. सकाळी तुळशीपाशी, दुपारी मांडवाच्या कडेला, चार वाजता पार गोठ्याच्या भिंतीशी. आमच्या जिल्ह्यातली थंडी हैदराबादच्या माझ्या मैत्रिणींना खरी वाटत नाही. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते असं मी सांगितलं तर त्या हसतात. बाबांच्या तोंडातून वाफ निघताना पाहून मला तेव्हा बरं वाटायचं.

केमोनंतर त्यांना वास सोसेनासे झाले. उदबत्ती, रॉकेल, माझा शॅम्पू. सगळ्यांत जास्त फोडणी. आईनं कढईत मोहरी टाकली की अंगणातल्या बाजेवर ते तोंड फिरवायचे आणि मग तासभर कशालाच हात लावायचे नाहीत. वालाच्या पानांचा वास मात्र त्यांना चालायचा, जो आम्हा बाकी सगळ्यांना उग्र वाटतो तोच. दुपारी मुद्दाम बाज मांडवाकडे सरकवायला सांगायचे.

दिवसातून एकदा, साधारण बाराच्या सुमारास, त्यांना भूक लागायची. दहा मिनिटं, फार तर पंधरा. तेवढ्यात समोर काही आलं तर खायचे. नाहीतर ती वेळ निघून जायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायची नाही. गरम जेवण त्या दहा मिनिटांत कधी बसलंच नाही. भाकरी होईपर्यंत, भाजी उतरेपर्यंत त्यांची मान नाही म्हणून हलायला लागायची.

आहार सांगणाऱ्या मॅडमनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, ताकदीसाठी कडधान्यं द्या, अंडी द्या, मासे द्या. आणि उग्र वास टाळा, थंड अन्नाला वास कमी येतो. मी फोनवर शोधत बसले. दहा मिनिटांत होणारं, पौष्टिक, ट्यूना मासा आणि राजम्यासारख्या पांढऱ्या बियांचं एक सॅलड सापडलं. फोटोत पांढरी बशी होती, तिच्यात काळी ऑलिव्ह. आमच्याकडे त्या बिया नव्हत्या, ऑलिव्ह तर नव्हतीच. पण मांडवभर वाल होता. हॉस्पिटलजवळच्या मोठ्या दुकानातून मी ट्यूनाचे सहा डबे घेतले, पाण्यातले; पुढे दर खेपेला आणखी आणत गेले.

सॅलड दहा मिनिटांत होतं, ते खरंच. पण त्याआधी सकाळी वालाचे दाणे सोलायचे, मऊ उकडायचे, गार करायचे आणि एकेका दाण्याचं साल काढायचं, कारण साल त्यांच्या पोटाला जड जायचं. उकडलेला दाणा दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन निसटतो, हिरवागार, ओला. बाबासुद्धा कधी कधी बाजेवर बसून सोलायचे. एखादा दाणा निसटून अंगणात पडला की म्हणायचे, "गेला पळून. याले नाही जायचं कोनाच्या पोटात आज."

आमच्या घरी मासे-अंडी आतल्या चुलीवर होत नाहीत. देवघर तिथंच आहे. त्यामुळे डबा मी परसात नळापाशी उघडायची, पाणी तिथंच गाळायची. दोन मांजरं येऊन बसायची. मग ओसरीवर स्टुलावर वाडगा ठेवून मासा काट्यानं मोकळा करायचा, त्यात वाल, उकळत्या पाण्यातून काढलेला बारीक कांदा, साल काढलेला टमाटा, कोथिंबीर, मीठ, चमचाभर कच्चं तिळाचं तेल. लिंबाचे दोन थेंब. तोंड आलेलं असेल त्या दिवशी तेही नाही. तिखट नाही, गरम नाही. त्यात आमच्या घरचं म्हणावं असं एक वालच.

पहिल्या दिवशी बाबांनी चमचा उचलला आणि विचारलं, "हा मासा कोन्या गावचा म्हणे?"

"समुद्रातला आहे, बाबा."

"इतक्या दुरून आला? थो बी डबा घेऊन? नोकरीवरचा दिसते."

सात चमचे खाल्ले. मी मनात मोजले. आई दाराच्या चौकटीत उभी होती, तिचेही ओठ हलत होते. ती पण मोजत होती हे मला तेव्हा कळलं. नंतर मात्र ती म्हणाली, "थंडं? या थंडीत? कुत्र्यालेबी आपन हिवाळ्यात गरम भाकर टाकतो."

"अवं, खाऊ दे मले," बाबा म्हणाले. "तुह्या गरमनं दोन महिने काय दिवे लावले?"

आई आत गेली. बाबा माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होते आणि मला आनंद झाला होता, हे मी आज लपवत नाही. आईच्या हातचं जे त्यांना जात नव्हतं ते माझ्या हातचं गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी एक यादी केली. बोलून सांगण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. मोठ्या अक्षरांत, मराठीत, कारण आई चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहे. पाणी उकळून. फळं सोलून. उदबत्ती नाही. आणि सगळ्यांत वर, घरात फोडणी बंद. कोणासाठीच नाही, कोणत्याच वेळी नाही. कागद फ्रिजवर चिकटवला.

आईनं तो उभ्यानं वाचला. पहिली ओळ दोनदा वाचली असावी, कारण तिचं बोट तिथं परत गेलं.

"हे डॉक्टरनं सांगतलं का तू?"

"डॉक्टरांनी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी फोडणीचं नावही घेतलं नव्हतं. दार लावून, पंखा लावून, बाबा दूर असताना फोडणी देता आली असती, असा काहीतरी मधला मार्ग निघाला असता. पण मला वाद नको होता. कोणी समोरून वाद घातला की माझा आवाज जातो. म्हणून मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

 आईनं ओट्यावरचा मोहरीचा डबा उचलला आणि वर फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवला.

त्या दिवसापासून घरात वरण उकळायचं आणि तसंच ताटात यायचं. भाजी वाफवलेली. आई आणि मी समोरासमोर बसून ते जेवायचो. बाबा अकरा चमच्यांपर्यंत गेले. एकदा पंधरा. गालांवर रंग आल्यासारखा वाटला, बहुतेक उन्हाचा असेल. एका दुपारी सॅलड खाऊन झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, घर लई चूप झालं."

"टीव्ही लावू का?"

"टीव्हीचं नाही म्हणत मी."

मी टीव्ही लावला. 

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. बाबांना आत न्यायचं होतं, एकटीला उचलवेना, म्हणून मी आईला हाक मारली. ती घरात नव्हती. परसात नव्हती, मांडवाखाली नव्हती. शेताच्या पार टोकाला, विहिरीजवळ मोटरीची खोली आहे, तिच्यामागून धुराची बारीक रेघ दिसली. मी गेले. तीन दगडांवर लोखंडी पळी होती, पळीत तेल. आईनं चिमूटभर मोहरी टाकली. तडतड झाली. शेजारी वरणाचा गंज होता, घरातून नेलेलं लहानसं पातेलं. तिनं पळी त्यात बुडवली, चर्र आवाज आला, लसणाचा वास माझ्यापर्यंत पोचला. मग ती तिथंच बांधावर बसली आणि वरणात भाकर कुस्करून खाऊ लागली. पाठ माझ्याकडे होती. तिनं मला पाहिलं नाही.

मी तशीच मागे फिरले. बाबांना अर्धं माझ्या खांद्यावर, अर्धं त्यांच्या पायांवर तोलत मीच कसंतरी आत नेलं.

राग आला होता. माणूस दोन घासांसाठी तडफडतो आहे आणि हिला चमचमीत लागतं, लपून. मग मी लक्ष ठेवू लागले. ती रोज जात होती. बाबांचं खाऊन झालं, त्यांचा डोळा लागला, की पदराखाली गंज घेऊन निघायची. मी तिच्याशी बोलणं सोडलं. आधीही कमीच बोलत असे, त्यामुळे तिला फरक कळला की नाही कोण जाणे. एकदा मात्र ती परत येऊन हात धूत होती तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तुझं तरी पोट भरतं रोज."

तिनं हात पुसले. माझ्याकडे बघितलं.

"हो माय," ती म्हणाली. "भरते."

 आणि ती गंज घासायला बसली. पुष्कळदा मला वाटतं, तेव्हाच तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माघात वेल पिवळे पडू लागले. शेंगा टणक झाल्या, शेंड्यांना काळ्या माव्याची कीड लागली. आई राख उधळायची, पण मनापासून नाही. बाबांचे चमचे कमी होत गेले. नऊ, पाच, तीन. शेवटी शेवटी ते माझ्यासाठी एकच चमचा घ्यायचे, तोंडात धरून ठेवायचे आणि मी वळले की घोंगड्याच्या कोपऱ्यात काढून टाकायचे. घोंगडं झटकताना मला ते हिरवे दाणे सापडले होते.  दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा नेला. ते म्हणाले, "वा मॅडम, आज तर साहेब लोकायचा मेनू," आणि तोंड उघडलं.

पाच दिवसांनी, सकाळी, ते गेले. बाज तुळशीपाशीच होती.

मुधोळहून मोठी आई आली, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाया येत होत्या, रडत होत्या, जात होत्या. मला रडू येत नव्हतं आणि लोकांसमोर बसवत नव्हतं, म्हणून मी आत जाऊन भांडी आवरू लागले. तिसऱ्या दिवशी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. नुसतं उकडलेलं वरण, वर पाणी सुटलेलं. रोज खात होते तेच. मला वाटलं, आईनं फ्रिजवरचा कागद मोठ्या आईला दाखवला असेल.

"मोठी आई, आता फोडणी दिली तरी चालेल," मी म्हणाले. "आता काय."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"पोरी, सुतकाच्या घरात फोडणी देतेत का? तेरवीपर्यंत चुलीवर चर्र वाजलं नाही पायजे. तुले मालूम नाही?"

"नाही."

"हां. इंग्रजी शाळेत नसन सांगतलं." ती टोचून बोलली नव्हती. लगेच तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मेलेल्याच्या घरचं जेवन असं असते, माय. बिनफोडणीचं."

झाकण माझ्या हातातच राहिलं. स्वयंपाकघराच्या चौकटीतून मला आई दिसत होती, भिंतीला टेकून बसलेली, बायांच्या मध्ये. मी तिच्याकडे बघत होते आणि एकेक दुपार मला उलटी दिसू लागली. फ्रिजवरच्या कागदावर परत गेलेलं तिचं बोट. फळीवर मागे सरकवलेला मोहरीचा डबा. बाबा म्हणाले होते घर चूप झालं. ते कशाबद्दल बोलत होते ते त्यांना माहीत होतं, आईला माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं. जिवंत माणसाच्या घरात मी तीन महिने सुतक पाळायला लावलं होतं. आणि आई ते मला सांगूही शकत नव्हती. सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता, बाबा बाजेवर बसलेले असताना. म्हणून ती रोज दुपारी शेताच्या टोकाला जात होती. आमच्याच बांधाच्या आत, पण त्यांच्या नाकापासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर. तिथं बसून या घरातली फोडणी वाजवत होती. दिलेली फोडणी टाकून द्यायची नसते, म्हणून खात होती.

आणि मी तिला म्हणाले होते, तुझं तरी पोट भरतं.

तेरवीला आईनंच मोहरी खाली काढली. तेल तापल्याचा वास आल्याबरोबर मी चप्पल न घालता बाहेर पडले. वाळलेल्या मांडवाखाली जाऊन कानांवर हात ठेवून उभी राहिले. तरी ऐकू आलं.

त्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. मागच्या वर्षी आईनं वाल लावला नाही, मेथी आणि पालक घेतला. आम्ही दोघी बोलतो. पंपाचं, पावसाचं, माझ्या ऑफिसचं. ही एक गोष्ट सोडून सगळं बोलतो. ती मला मनातून काय समजते ते मला माहीत नव्हतं. ट्यूनाचे उरलेले दोन डबे परसातल्या कोनाड्यात पडून आहेत. त्यांची तारीख उलटून गेली आहे. टाकून द्यायला तिचाही हात होत नाही, माझाही नाही.

काल शेंगा सोलताना माझी नजर खाली होती. खाली नजर असली की मला बोलता येतं.

"आई, फोडणीचं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं."

तिची बोटं थांबली नाहीत.

"ते मी माझ्या मनानं लिहिलं होतं."

"मालूम आहे मले."

"कधीपासून?"

"तवापासूनच. थो डॉक्टर तेलुगू मानूस. फोडणी, त्यायची पोपु, देऊ नका म्हणन का थो? त्यायच्या घरी तर फोडणीबिगर पानीबी पेत नसन कोनी."

एरवी मी हसले असते. बाबा असते तर नक्की हसले असते.

"मग ऐकलंस काऊन माझं?"

तिनं एक शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले, साल बाजूला टाकलं.

"खाऊन राह्यले होते ना ते," ती म्हणाली. "तुह्या हातचं."

अंगणात ऊन होतं. मांडवाच्या कडेला जिथं बाज असायची तिथं आता तिनं पालकाचं बी वाळत घातलं आहे. मी बरीच हिंमत गोळा केली. दोन वर्षं जो प्रश्न गिळत आले होते तो विचारला.

"माझ्यामुळे झालं, असं वाटतं तुला?"

तिनं आणखी तीन शेंगा मोडल्या.

"तुह्यानं कायले?" ती म्हणाली. "तू लेकरू. तुले मालूम नव्हतं. मले तर मालूम होतं ना." मग शेताच्या टोकाकडे हनुवटीनं दाखवत म्हणाली, "तेवढ्या दूर जाऊन देत होती मी. घरात आयकूच नसन येत. घराले आयकू नाही आलं तर काय फायदा? एखाद्या दिवशी घरात द्याले पायजे होती, दार लावून. एका दिवसानं काय झालं असतं? म्या नाही देली."

मला तिला सांगायचं होतं, असं नसतं गं आई. आजार पोटात होता, आपण उशिरा नेलं होतं, मोहरी तडतडली काय आणि न तडतडली काय, त्याला काही ऐकू जात नव्हतं. हे सगळं मला नीट माहीत आहे. रिपोर्ट मीच वाचले होते. पण हीच वाक्यं मी दोन वर्षं स्वतःला सांगून पाहिली आहेत आणि ती मलाच पुरलेली नाहीत. तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

पाटीत अजून निम्म्याच्या वर शेंगा होत्या. तिनं डोळे पुसले नाहीत, म्हणून मीही पुसले नाहीत. पाटी मी दोघींच्या मध्ये ओढून घेतली आणि आम्ही सोलत राहिलो.